रक्ताची साक्ष

माझ्या प्रार्थनापुस्तकात गेली सहा वर्षे एक कागद आहे. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरत चाललेला. संतांची चित्रे, दीक्षाविधीची स्मरणपत्रे, दिवंगतांच्या स्मृतिपत्रिका अशा ठेव्यांमध्ये तो काहीसा परका दिसतो, कारण तो एका रक्ततपासणीचा अहवाल आहे. एकूण कोलेस्टेरॉल १७८, ट्रायग्लिसराइड १४०, एचडीएल ४२, एलडीएल १०८, उपाशीपोटीची साखर ९८. प्रत्येक अंकासमोर सामान्य मर्यादा छापलेली आहे आणि प्रत्येक अंक त्या मर्यादेच्या आत आहे. हा अहवाल ज्यांचा, त्यांना आमच्या धर्मग्रामात सारे जण 'मास्तर' म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षे मुलांना गणित शिकवून ते निवृत्त झाले होते.

सहा वर्षांपूर्वीच्या आगमनकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर मास्तर माझ्या व्हरांड्यात आले. परभणीत डिसेंबरची सकाळ चांगलीच बोचरी असते. अंगावरची शाल सावरीत ते म्हणाले, ''फादर, आठ-पंधरा दिवस झाले, स्टेशनचा पूल चढलो की छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं होतं. डावा हात जड पडतो. दोन मिनिटं कठड्याला टेकून उभं राहिलं की सगळं बरं.'' मग खिशातून हा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. एका शिबिरात त्यांनी रक्त तपासून घेतले होते. ''तुम्ही शिकलेले आहात. जरा बघा.''

मी चष्मा लावला. एकेक अंक वाचला, समोरची मर्यादा वाचली आणि गणिताच्या मास्तरांना गणित समजावून सांगावे तशा थाटात म्हणालो, ''मास्तर, सगळे अंक हद्दीत आहेत. पित्त असेल. निश्चिंत राहा.'' त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. त्या उतरलेल्या ताणाचे मला तेव्हा समाधानही वाटले.

अकराव्या दिवशी पहाटे त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. पवित्र तेलाची कुपी घेऊन मी पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. दफनविधीनंतर मास्तरांच्या पत्नीने हा कागद माझ्या हाती दिला आणि एकच प्रश्न विचारला, ''फादर, रिपोर्ट तर चांगला होता ना?''

मी त्यांना उत्तर दिले ते धर्मगुरूच्या सवयीचे होते. देवाची इच्छा, त्याची अगाध योजना वगैरे. त्या शब्दांवर माझा विश्वास आहे. परंतु त्या दिवशी मी ते शब्द एक निराळी गोष्ट झाकण्यासाठी वापरले. त्यांनी मला देवाच्या योजनेविषयी विचारलेच नव्हते. त्यांनी एका कागदाविषयी विचारले होते, आणि त्या कागदाचा अर्थ सांगणारा मी होतो.

या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते चार वर्षांनी, माझ्या स्वतःच्या रक्तातून. एका खेड्यातील सायंकाळची उपासना आटोपून मोटारसायकलीने परतत असता छातीत तोच दाब आला. मास्तरांचे जातेच जणू. जबड्यापर्यंत कळ गेली. गाडी बाजूला लावून थांबलो, तरी ती ओसरेना. सोबतच्या तरुणाने मला घरी न नेता थेट गावातील एका दवाखान्यात नेले व तेथून नांदेडला. पहिला ईसीजी काढला. तो फारसा बोलका नव्हता. रक्त घेतले, तासाभरात निरोप आला की ट्रोपोनिन मर्यादेत आहे. मी उठून बसलो व चपला शोधू लागलो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण निजामाच्या अमदानीपासून आमच्या गावाला चिकटलेली आहे, आणि तीतील बेफिकिरी गावात राहून माझ्याही अंगात उतरली असावी.

तेथील डॉक्टर वयाने माझ्या पुतण्याएवढे असतील. त्यांनी मला हाताला धरून पुन्हा निजविले. म्हणाले, ''फादर, हा पहिला निरोप आहे. दुसरा यायचाय. तोपर्यंत तुम्हांला सोडणार नाही.'' तीन तासांनी पुन्हा रक्त घेतले. या खेपेस अंक मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या एका रोहिणीत स्टेंट बसविण्यात आला.

रुग्णालयातील त्या चार दिवसांत मी त्या डॉक्टरांना प्रश्न विचारून बेजार केले. प्रश्न बहुतांशी मास्तरांविषयी होते. पुढे मिळेल ते वाचले, समजले नाही ते पुन्हा विचारले. वाचकहो, त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो. वैद्यकीचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण एक चूक कशी घडते हे सांगण्याचा अधिकार, दुर्दैवाने, मी कमावला आहे.

सेमिनरीत असताना आम्हांला ख्रिस्ती तत्त्वज्ञानाबरोबर भारतीय दर्शनेही शिकवीत. न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नीचे उदाहरण तेव्हा पाठ केले होते. धूर दिसला तर अग्नी आहे असे अनुमान करता येते. धूर दिसला नाही, तर मात्र अग्नी नाही असे म्हणता येत नाही. कारण लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. परीक्षेत हे लिहून मी उत्तम गुण मिळविले होते. मास्तरांचा कागद हाती आला तेव्हा तो लोखंडी गोळा मला आठवला नाही.

रक्ततपासणीत जे पदार्थ मोजतात ते असेच धूर होत. प्रत्येक धूर निराळ्या अग्नीचा. हृदयाच्या बाबतीत निदान चार निरनिराळे प्रश्न संभवतात. हृदयाच्या स्नायूला या घटकेस इजा होते आहे काय? पुढील दहा-वीस वर्षांत या माणसाला धोका किती? हृदय थकले आहे काय? आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या कोठे व किती अरुंद झाल्या आहेत? पहिल्या तीन प्रश्नांना रक्त बऱ्यापैकी उत्तर देते. चौथ्याला देत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास मोठा मनोवेधक आहे. १९५४ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांना असे आढळले की हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूतील एक विकर रक्तात उतरते. तीच चाचणी आज आपण यकृताच्या अहवालात 'एसजीओटी' या नावाने वाचतो. ते विकर यकृतातही असते, इतर स्नायूंतही असते; म्हणजे धूर होता, पण कोणत्या घरातून येतो ते सांगता येत नव्हते. पुढे सीपीके-एमबी आले. १९८९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ह्यूगो काटुस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूतील ट्रोपोनिन-टी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच प्रामुख्याने ट्रोपोनिनच्या आधारे नव्याने केली.

ट्रोपोनिन हे हृदयस्नायूच्या पेशीत बांधलेले प्रथिन आहे. पेशी मेली की ते सुटून रक्तात येते. त्याला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ते दिसू लागण्यास तीन ते सहा तास जातात. नव्या अतिसंवेदनशील चाचणीत त्याहून कमी. म्हणून एकदा तपासून भागत नाही. दुसऱ्यांदा तपासून अंक चढतो आहे की स्थिर आहे हे पाहावे लागते. चढलेला अंक जितका मोठा तितकी स्नायूची हानी सामान्यतः अधिक, आणि पुढील धोकाही अधिक. तथापि मूत्रपिंडाच्या दीर्घ विकारात, तीव्र जंतुसंसर्गात, हृदयस्नायूच्या दाहातही ट्रोपोनिन वाढते. त्यामुळे ईसीजी आणि रुग्णाची हकिकत यांच्याशेजारी ठेवूनच तो अंक वाचावा लागतो.

दुसरा प्रश्न धोक्याचा. मास्तरांच्या कागदावरचे सारे अंक या प्रश्नाची उत्तरे होती. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासातून कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांचे हृदयविकाराशी असलेले नाते उलगडत गेले. पण या उत्तरांचा अर्थ माणसागणिक बदलतो हे मला ठाऊक नव्हते. अहवालातील छापील मर्यादा सर्वांसाठी एकच असते. २०२४ साली कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत धोका कमी असलेल्या माणसासाठी एलडीएल १०० च्या खाली, धोका अधिक असलेल्यासाठी ७० च्या खाली, आणि ज्याला हृद्‌रोहिणीचा विकार जडलेलाच आहे अशासाठी ५५ च्या खाली असावे असे सुचविले आहे. म्हणजे ज्या १०८ कडे पाहून मी मास्तरांना निश्चिंत केले, तो अंक रोहिणीचा विकार असलेल्या माणसासाठी मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट ठरतो. त्याच तत्त्वांत आयुष्यात एकदा तरी लायपोप्रोटीन-ए मोजावे असे सांगितले आहे. हा पदार्थ नॉर्वेतील कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधून काढला. त्याचे प्रमाण मुख्यतः आईवडिलांकडून येते. आहार-व्यायामाने ते फारसे हलत नाही. घराण्यात तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर ही एकदाच करावयाची तपासणी मोलाची ठरते.

मास्तर काटक होते. पोट सुटलेले नाही, गालफडे बसलेली. ''मला कसला हार्टचा आजार?'' असे ते हसून म्हणत आणि आम्हांला ते पटे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे व आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या सडपातळ देहात चरबी लपून राहते, ती अशी. जगातील ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाच्या २००७ च्या निष्कर्षांनुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो; इतरत्र तो जवळपास ५९ व्या वर्षी येतो. मी स्वतः पंचावन्नाव्या वर्षी त्या खाटेवर निजलो.

तिसरा प्रश्न हृदयाच्या थकव्याचा. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की ती स्वतःच एक संप्रेरक रक्तात सोडते. एनटी-प्रोबीएनपी या तपासणीत त्याचा माग लागतो. धाप लागणे, पाय सुजणे ही हृदयाची तक्रार आहे की फुप्फुसांची, हे ओळखण्यास ती उपयोगी पडते.

राहिला चौथा प्रश्न, रोहिण्या किती अरुंद झाल्या आहेत हा. सामान्य माणसाला 'ब्लॉकेज किती?' एवढेच हवे असते आणि ते रक्ताच्या एका थेंबातून कळावे असे वाटते. संशोधकांनाही तसे वाटत आले आहे. अँजिओग्राफीच्या चित्रावरून रोगाच्या तीव्रतेला गुण देण्याच्या पद्धती आहेत. त्यांपैकी जेन्सिनी गुणांक १९८३ पासून प्रचलित आहे. या गुणांशी सीआरपी, होमोसिस्टीन, युरिक अॅसिड, पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचे परस्पर प्रमाण अशा कितीतरी घटकांचा मेळ घालून पाहण्यात आला. शेकडो रुग्णांची सरासरी काढली की नाते दिसते. समोर बसलेल्या एका माणसाविषयी मात्र त्यावरून नक्की काही सांगता येत नाही. सीआरपी तर किडलेल्या दाढेनेही चढते.

होमोसिस्टीनची कथा आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्के लोकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व ५८ टक्के लोकांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. मांसाहार न करणे हे त्याचे एक मोठे कारण. होमोसिस्टीन वाढलेल्यांत हृदयविकार अधिक दिसतो, हेही ठाऊक होते. मग उपाय सोपा वाटला: जीवनसत्त्वे द्या, होमोसिस्टीन उतरवा, हृदय वाचवा. त्याच २००६ साली परदेशातील मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले. हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. धूर हाताने विरविला म्हणून आग विझत नाही. ब-१२ कमी असेल तर ते अवश्य घ्यावे. मज्जातंतूंसाठी व रक्तासाठी ते लागतेच. पण त्याला हृदयाचे कवच समजू नये.

रोहिणीची अवस्था पाहावयाची तर तिचे चित्रच काढावे लागते. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून हे रंगद्रव्य चुकून थेट हृद्‌रोहिणीत गेले. रुग्ण दगावणार या भयाने ते धावले. रुग्ण वाचला, आणि अँजिओग्राफी जन्माला आली. पण हे चित्रही सर्वज्ञ नाही. पुष्कळ झटके रोहिणीच्या भिंतीवरील मध्यम आकाराचे थर अचानक फुटून, त्यावर रक्ताची गाठ जमून येतात. काल फारसा अडथळा न करणारा थर आज वाट बंद करू शकतो.

मग मास्तरांसाठी सर्वांत विश्वासार्ह साक्ष कोणती होती? ती त्यांनी स्वतः माझ्या व्हरांड्यात उभे राहून दिली होती. चढताना दाब, थांबले की आराम. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे नेमक्या याच दुखण्याचे वर्णन वाचले होते, रक्ताचा थेंबही न तपासता. मास्तरांचे त्या दिवशी ट्रोपोनिन तपासले असते, तरी ते बहुधा मर्यादेतच निघाले असते. कारण रोग तोवर रोहिणीत होता, स्नायू अजून मेला नव्हता. लोखंडाचा गोळा तापलेला होता, धूर नव्हता. त्यांना हवा होता ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ. मी त्यांना दिला दिलासा.

बेंगळुरूचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आपल्या भारतीय बिशपांच्या मंडळाने १९६३ साली सुरू केले. तेथील डॉ. डेनिस झेवियर व डॉ. प्रेम पैस यांनी भारतभरातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ होता ३६० मिनिटे. सहा तास! तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के. ते सहा तास कोठे जातात हे मला आता ठाऊक आहे. काही तास सोडा पिण्यात व बाम चोळण्यात जातात, काही पैशांच्या काळजीत. आणि काही, कुणा शिकलेल्या माणसाने 'पित्त असेल' म्हटल्यामुळे.

म्हणून आमच्या चर्चच्या फलकावर आता मिस्साच्या वेळांखाली मी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत. छातीत दाब, जबडा-हात जड होणे, घाम, अकारण धाप: प्रयोगशाळेत जाऊ नका, जेथे ईसीजी निघतो तेथे जा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे, ती बोलवा. मधुमेही व स्त्रिया यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. पैशांसाठी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी समाविष्ट आहे, कार्डाची चौकशी आजच करून ठेवा.

स्टेंट बसवून परत आल्यावर महिन्याने मी मास्तरांच्या घरी गेलो. हा कागद त्यांच्या पत्नीपुढे उलगडला आणि म्हणालो, ''बाई, तुम्ही विचारलं होतं. रिपोर्ट चांगला होता. पण मास्तरांनी मला जे दुखणं सांगितलं, त्याचं उत्तर या कागदात नव्हतंच. ते असल्यासारखं मी वाचलं. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं.''

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अंगणात जोंधळा वाळत घातला होता. त्यावर चिमण्या आल्या, त्या त्यांनी हाताने उठविल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ''बरं झालं फादर, तुम्ही तरी येळंवर गेलात.''

मी कागद मागितला नाही. त्यांनीच तो पुन्हा चार घड्या घालून माझ्या पुस्तकात ठेवला.